मदत हवी आहे: जर्सी द्यायला चौघे तयार, मैदानाच्या भाड्याला कोणीच नाही

नमस्कार मंडळी,

नायगाव-परळ भागातल्या मुलांचा आमचा फुटबॉल संघ आहे, चाळीच्या मंडळातूनच उभा राहिलेला. माझा मुलगा त्यात गोलकीपर. मला स्वतःला ऑफसाइड अजून धड कळत नाही, पण भिशीचा हिशोब मी ठेवते म्हणून खजिनदारी माझ्याच गळ्यात पडली.

पैसे मिळत नाहीत असं म्हणणार नाही. मिळतात, पण नको तिथे. दुकानदाराकडे गेलं की, "वहिनी, जर्सी देतो, पाठीवर दुकानाचं नाव टाका." करंडक आणि मेडलं द्यायला तर रांग लागते. एका इच्छुक उमेदवारांनी अख्ख्या संघाचा किट देऊ केलाय, अट एकच: छातीवर साहेबांचा फोटो. पण मंगळवार-गुरुवारच्या सरावाला मैदान लागतं, त्याचं भाडं कोण देणार, असं विचारलं की सगळे गप्प. भाड्याच्या पावतीवर कोणाचं नाव छापता येत नाही ना!

पावसाळ्यात आमचं बरं चालतं. क्रिकेट बंद, मैदानं रिकामी, पोरं चिखलात मनसोक्त खेळतात. दसरा-दिवाळी आली की पिचला दोऱ्या लागतात आणि मग आमची मुलं दोन पिचच्या मधल्या पट्टीत, अंगावर येणारा सीझन बॉल चुकवत पासिंग करतात. टर्फ म्हणाल तर संध्याकाळी तासाला दीड-दोन हजार. शिवाय चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून निम्मी टीम पांगली आहे. कोणी संक्रमण शिबिरात, कोणी भाडं घेऊन कळव्याला, कोणी थेट विरारला. शाळेचा सवलतीचा पास घर ते शाळा एवढाच चालतो, सरावाला यायचं तर तिकीट काढा. कोच मानधन मागत नाहीत, उलट स्वतःच्या खिशातून मुलांना वडापाव खाऊ घालतात. किती दिवस घालतील?

गेल्या स्पर्धेतली एक गोष्ट सांगते. रेफरी सामन्याआधी रांगेत उभं करून सगळ्यांच्या नडग्या चाचपत होते. आमच्या लेफ्ट बॅकच्या मोज्यापाशी थांबले, आत हात घातला आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा बाहेर काढला. नीट नडगीच्या आकारात कापलेला, कडेने चिकटपट्टी लावलेली. पोरगा हसत होता. रेफरीही हसले, पण त्याला बाहेर बसवलं. धोबीतलावला शिन गार्डची, म्हणजे नडगीवर बांधायच्या कवचांची, साधी जोडी दोन-तीनशेला मिळते हो. त्या दिवशी आमच्याकडे कपाटभर करंडक होते, आणि एक जास्तीची जोडी नव्हती.

तर विचारायचं आहे ते असं. दर महिन्याला लागणारा पैसा कसा उभा करतात? आमच्यासारख्यांना सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्यासाठीचा पैसा, मिळतो का? मध्य मुंबईत परवडणारं मैदान कुठे मिळेल? आणि फोटोवाली जर्सी घ्यावी का? कमिटीत दोन तट पडलेत, म्हणून स्पष्ट मतं द्या.

प्रतिसाद:
जर्सीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. घेऊ नका. मी लोकल सामन्यांना रेफरी म्हणून उभा राहतो. खेळाच्या नियमांतला चौथा नियम साहित्याचा. शिन गार्ड सक्तीचे त्याच नियमात आहेत, आणि अंगावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर वा चित्र चालत नाही हेही तिथेच आहे. साहेबांना नियम दाखवा, म्हणजे तुमच्यावर वाईटपणा येणार नाही. दुकानाची जाहिरात वेगळी, ती स्पर्धेच्या आयोजकांना विचारून टाका.

प्रतिसाद:
ताई, सीएसआरच्या मागे आत्ता लागू नका. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपन्यांना तो लागू आहे त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायचे असतात, आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण त्या यादीत आहे, म्हणजे फुटबॉल बसतो. पण पैसे घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, तिच्याकडे आयकर खात्याची १२ए नोंदणी आणि देणगीदाराला करसूट देणारं ८०जी हवं, अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, वर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यायचा. तुमच्याकडे यातलं काय आहे?

आधी चाळीचं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं आहे का ते शोधा. जुनी मंडळं बऱ्याचदा असतात, कागद कोणाच्या तरी माळ्यावर पडलेले असतात. मंडळाच्या घटनेच्या उद्देशांत क्रीडा असेल तर नवी संस्था काढायची गरज नाही. काढायचीच झाली तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली सात सभासद लागतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते. नंतर दरवर्षी ऑडिट, आणि कमिटी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट लोक विसरतात आणि मग वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालत बसतात. ८०जी मिळालं तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला सूट नाही, तेव्हा बँकेतूनच घ्या.

प्रतिसाद:
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता असं म्हणणार होतो, पण ते अर्धंच खरं. कंपन्या संघ बाळगायच्या. मफतलाल, ऑर्के, टाटा, एअर इंडिया, महिंद्रा. पोरगा चमकला की नोकरीला चिकटायचा. १८९१ पासूनची रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा, कूपरेज मैदानावर ही गर्दी! कप बंद पडला, २०१० ला महिंद्रानेही संघ गुंडाळला. पण तेव्हासुद्धा चाळीतल्या संघाला कोणी विचारत नव्हतं, हेही सांगतो.

वहिनी, मैदान भाड्याने घेण्याऐवजी बदल्यात घ्या. आजूबाजूला ट्रस्टच्या शाळा आहेत, संध्याकाळी पटांगणं रिकामी असतात. शाळेला डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या, स्पर्धेला संघ पाठवायचा असतो आणि पीटीचे सर एकटे पडतात. तुमच्या कोचनी आठवड्यातून दोनदा शाळेच्या मुलांना शिकवायचं, त्याच वेळी तुमचीही मुलं खेळतील. मुख्याध्यापकांना भेटताना तोंडी बोलू नका, पत्र न्या: वेळ, मुलांची संख्या, जबाबदार माणूस कोण, पटांगण झाडून कोण देणार, मुलाला लागलं तर दवाखान्यात कोण नेणार. शेवटच्या दोन गोष्टी लिहिल्या की निम्मं काम झालं समजा. पटांगण छोटं असेल, सेव्हन-अ-साइड, म्हणजे सात-सात जणांचं, खेळा. बिघडलं काय?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. जर्सीचा विषय संपला, नियम छापून कमिटीच्या ग्रुपवर टाकला. एक ताई अजून म्हणतायत की फोटो छोटा टाकू. टाकणार नाही.

मंडळाच्या नोंदणीचा कागद शोधायला माजी सचिवांना फोन केलाय, ते गावाला आहेत. तोवर भिशीच्याच पद्धतीने सुरुवात करतेय: चाळीतल्या आणि चाळ सोडून गेलेल्या माणसांकडून महिन्याला शंभर रुपये, पाच तारखेच्या आत, हिशोब दर महिन्याला ग्रुपवर. मोठी देणगी नकोच, ती एकदा येते आणि सगळे निवांत होतात.

काका, शाळेला द्यायच्या पत्राचा नमुना तुमच्याकडे असेल तर इथेच टाकाल का? आणि मुलांच्या दुखापतीसाठी गटविमा कोणी काढला असेल तर प्रीमियम साधारण किती पडला तेही लिहा. त्या लेफ्ट बॅकची आई मला तेच विचारतेय.