पथ्याने ऑटोइम्यून आजार बरे होतात का?

शुभदा_क
ओळखीतल्या एका काकूंना रुमॅटॉइड आहे, आपण आमवात म्हणतो तो. हा ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उठते. एका आहार-सल्लागाराने त्यांना गहू, दूध, वांगी, टोमॅटो सोडायला लावलं आणि सोबत मेथोट्रेक्सेट ही आजार आटोक्यात ठेवणारी गोळीही बंद करवली. आता सकाळी मूठ वळत नाही, कणीक मळणं तर लांबच. अशा सल्ल्यांची मला मनापासून चीड येते. या आजारात हाडाची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झिजलेला सांधा कुठल्याही पथ्याने भरून येत नाही. पथ्य करायचं तर जरूर करा, पण त्याला उपचार म्हणू नका.

भीमाकाठ
शुभदाताई, गोळी बंद करवणारा चुकलाच, त्यात वाद नाही. पण तुमचं शेवटचं वाक्य पटत नाही. सिलिअ‍ॅक हा ऑटोइम्यूनच आजार, गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडवणारा, आणि त्यावर पथ्य हाच उपचार आहे. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि एरवी खंगत जाणारी ही मुलं सुधारायला लागली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिकेंनी यावर प्रबंध लिहिला.

रुमॅटॉइडचंही तसंच बघा. नॉर्वेतल्या ५३ रुग्णांचा अभ्यास १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्यांना आधी ७ ते १० दिवस उपास, मग काही महिने ग्लुटेन, दूध, मांस सगळं वर्ज्य, नंतर हळूहळू दुधासह शाकाहार. त्यांची सांध्यांची सूज आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला, आणि फरक वर्षभर टिकला. मी स्वतः रुमॅटॉइडचा रुग्ण आहे, हे वाचून मला उगाच आशा वाटलेली नाही.

शुभदा_क
सिलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन हा नेमका गुन्हेगार सापडलाय, तो ताटातून काढला की आतडं सावरतं. रुमॅटॉइडमध्ये असा एकही पदार्थ सापडलेला नाही. म्हणून एकाचा न्याय दुसऱ्याला लावता येत नाही. आणि नॉर्वेची माणसं फक्त ५३. शिवाय आपण काय खातोय हे खाणाऱ्याला कळतंच, आणि दुखणं किती कमी झालं हेही तोच सांगणार.

लेकीची_आई
वाद चालू द्या, पण 'महिनाभर गहू सोडून बघा' असं कृपा करून कुणी कुणाला सांगू नका. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. टीटीजीची (या आजारातल्या प्रतिपिंडांची) रक्ततपासणी आणि गरज असेल तर आतड्याचा तुकडा काढून तपासणं, हे दोन्ही गहू खात असतानाच करावं लागतं. आधीच सोडला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि निदान हुकतं.

आणि खरं पथ्य म्हणजे नुसती पोळी बंद नव्हे. डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे फोडणीच चुकते. गिरणीत गव्हाच्या मागून ज्वारी दळली की भाकरीही चालत नाही, म्हणून आम्ही घरघंटी घेतली. लग्नकार्यात तिचा डबा वेगळा. हे जन्मभराचं आहे, हौस म्हणून करायचं काम नाही.

भीमाकाठ
ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. पण मग आम्ही काय करायचं? दवाखान्यात 'काय खाऊ?' विचारलं की 'काहीही खा' म्हणतात आणि पुढचा नंबर पुकारतात. माणूस आहार-सल्लागाराकडे जातो तो तिथूनच. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर पाच वर्षं चाचणी झाली, २०२२ मध्ये निष्कर्ष आले. रोज २००० युनिट ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी झाले. पोषणाचा संबंधच नाही असं आता कुणी म्हणू नये.

शुभदा_क
संबंध नाही असं मी म्हटलेलंच नाही. पण ती चाचणी पन्नाशीपुढच्या लोकांवर होती आणि प्रश्न होता आजार टळतो का, हा. झालेला आजार त्याने हटतो असं त्यातून निघत नाही. 'काहीही खा' म्हणणाऱ्या डॉक्टरांवरचा तुमचा राग मात्र रास्त आहे. मेथोट्रेक्सेटवर दारू नको, फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका, एवढं तरी प्रत्येक रुग्णाला नीट बसवून सांगायला हवं.

भीमाकाठ
दारू मी घेत नाही, फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. दूध मात्र सोडलंय, कारण ते सोडल्यापासून माझे सांधे कमी धरतात, आणि डॉक्टरांना ते सांगितलंय. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ. तुम्ही याला उपचार म्हणू नका, मी म्हणणार. गोळी सोडणार नाही, तपासण्याही ठरल्या वेळी करणार.