प्रतिसाद: काकांच्या ट्रंकेतलं 'स्टार वॉर्स'चं पोस्टर

काकांच्या ट्रंकेत १९७७ चं 'स्टार वॉर्स'चं पोस्टर निघालं आणि चोर बाजारातल्या दुकानदाराने घड्यांच्या रेघा दाखवून भाव पाडला, असं वर लिहिलंय. एवढ्यात देऊन टाकू नका! तेव्हा पोस्टरं थिएटरांना बहुतेक घडी घालूनच जायची. उलट मी तर आधी घडीच तपासतो. डोळे मिटून बोट फिरवा, रेघ हाताला लागायला हवी. मुंबईतच एकदा मी फसलो होतो: घडी दिसत होती, पण कागद गुळगुळीत. जुन्या पोस्टरचा फोटो काढून छापलेली प्रत होती ती. फार वाईट वाटलं होतं.

मग माप घ्या. अमेरिकन थिएटरचं पोस्टर त्या काळी साधारण २७ बाय ४१ इंच. २४ बाय ३६ भरलं, तर ते बहुधा घरात लावायला विकलेलं. भाव ठरवताना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा, मागितलेल्या नव्हे.

आणि कृपा करून लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. पावसाळ्याआधी ट्रंकेतून काढून कोरड्या जागी सपाट ठेवा.