कंट्रोल बोर्डासाठी चिपचा साठा करावा की दुसरा स्रोत शोधावा?

प्रश्न: बोर्डावर 32 बिटचा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी मुख्य चिप), बक रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून देणारी चिप) आणि 8 पिनचा कॅन ट्रान्सीव्हर (कॅन या वायरच्या जाळ्यावर संदेश पाठवणारी-घेणारी चिप) आहे. वर्षाला 5000 बोर्ड लागतात. 2021 सारखी टंचाई पुन्हा आली तर? दोन वर्षांचा माल भरून ठेवावा, की पर्यायी भाग मंजूर करून घ्यावेत?

सर्किटकार: तिन्ही भागांना एकच नियम लावू नका. कॅन ट्रान्सीव्हरची पिनरचना बऱ्याच कंपन्यांची सारखीच असते. फक्त 5 आणि 8 नंबरच्या पिना पाहा, तिथे स्टँडबाय (चिप झोपवण्याची पिन) किंवा व्हीआयओ (सिग्नलच्या व्होल्टेजची पिन) यांमुळे घोळ होतो. रेग्युलेटरसाठी बोर्डावर दोन फूटप्रिंट (भाग सोल्डर करायच्या जागांचे आराखडे) एकात एक बसवा, म्हणजे दोन्हीपैकी कुठलाही भाग लावता येईल. मायक्रोकंट्रोलर बदलायचा तर फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) आणि ईएमसी चाचणी (विद्युतचुंबकीय अडथळ्यांची तपासणी) दोन्ही नव्याने करावी लागतात, म्हणून साठा करायचाच तर फक्त त्याचा.

वेफर_वाचक: आधी दुसरा स्रोत खरंच दुसरा आहे का ते बघा. लोगो वेगळे, पण वेफर (ज्यावर चिप बनतात ती सिलिकॉनची चकती) एकाच फाउंड्रीच्या (इतरांसाठी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या) एकाच फॅबमधला, म्हणजे कारखान्यातला, असं सर्रास असतं. वेफर, पॅकेजिंग आणि टेस्टिंग कुठे होतं, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. मार्च 2021 मध्ये रेनेसास या जपानी चिप कंपनीच्या नाका कारखान्यात प्लेटिंगच्या यंत्राला आग लागली आणि क्षमता पूर्ववत व्हायला जूनची अखेर उजाडली. त्यात भर म्हणजे नवा वेफर लाइनवर चढवल्यापासून उतरायलाच साधारण तीन महिने लागतात. म्हणून किमान सहा महिन्यांचा माल हाताशी हवा.

त्याखालच्या थरात, म्हणजे फॅबला लागणाऱ्या कच्च्या मालात, मात्र आपलं काही चालत नाही. डीयूव्ही लिथोग्राफीच्या (अतिनील प्रकाशाने वेफरवर नक्षी उमटवण्याच्या) लेझरमधल्या वायूत बहुतांश निऑनच असतो. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधले मारिउपोल आणि ओडेसातले निऑन शुद्धीकरण प्रकल्प थांबले, तरी फॅब चालू राहिले. 2014 मध्ये निऑनचे भाव भडकल्यावर काही चिप कंपन्यांनी साठा आणि पुनर्वापराची सोय करून ठेवली होती, ती कामी आली.

रीफ्लो: साठ्याबद्दल एक. भाग एमएसएल 3 चा (एमएसएल म्हणजे भाग ओलाव्याला किती नाजूक आहे त्याची श्रेणी) असेल तर पाकीट फोडल्यापासून 168 तासच हातात असतात, तेही 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या आत. ओल शिरली की रीफ्लोमध्ये (भट्टीत सोल्डर वितळवून भाग जोडताना) तिची वाफ होते आणि पॅकेज आतून तडकतं. पाकिटातल्या आर्द्रता कार्डाचा रंग बदललेला दिसला तर बेक करा, म्हणजे भाग तापवून ओल घालवा. 125 अंशांवर बेक करायचं तर भाग उष्णता सोसणाऱ्या ट्रेमध्येच हवेत, रीलची प्लॅस्टिक टेप तेवढ्यात वितळते. 40 अंशांवर टेपसकट करता येतं, पण दिवसच्या दिवस जातात. शिवाय वारंवार बेक केलं तर पिना ऑक्सिडाइज होऊन सोल्डर नीट धरत नाही.

प्रश्नकर्ता: म्हणजे पाकिटं छोटी मागवावीत?

रीफ्लो: हो, एका बॅचला पुरेल एवढीच. उरलेली सीलबंद राहू द्या आणि जुना डेट कोड (भागावरची उत्पादनाची तारीख) असलेला माल आधी वापरा.