इंग्रजी काळांचा तक्ता: घोकून घ्यावा की फाडून टाकावा?

खडूफळा: यस्टरडे दिसलं की साधा भूतकाळ, नाऊ दिसलं की चालू वर्तमान, जस्ट-ऑलरेडी दिसलं की पूर्ण वर्तमान. हा तक्ता पोरांकडून घोकून घेणं आता बंद करा. सकाळी 10 वाजता 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' बरोबर, कारण सकाळ सरलेली नाही. संध्याकाळी तेच सांगताना 'आय हॅड टू कप्स'. 'धिस मॉर्निंग' दोन्हीकडे आहे. बसवा तक्त्यात!

शेवटचा बाक: सर, 60 पोरांच्या वर्गात 'बोलणाऱ्याच्या लेखी वेळ सरली का' हे शिकवून दाखवा. तक्त्याने निदान गाळलेल्या जागांचे गुण पदरात पडतात.

खडूफळा: पडतात की. आणि तोच पोरगा बाहेर येऊन म्हणतो, 'आय हॅड गॉन टू नाशिक यस्टरडे'. डोक्यात 'काल नाशिकला गेलो होतो' असतं ना! आपला 'होतो' जाऊन आल्याचं सांगतो. इंग्रजीत एवढंच बोलून थांबलात की समोरचा ताटकळतो: गेला होतास, बरं, मग पुढे काय घडलं?

न्यूजर्सीकर: आमच्याकडे 'डिड यू ईट यट?' सर्रास चालतं. ब्रिटिश वळणाचं पुस्तक 'हॅव यू ईटन यट?' म्हणेल. म्हणजे जस्ट, यट, ऑलरेडीचा रकाना तसाही डळमळीतच. मात्र 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' इथेही खटकतं.

शेवटचा बाक: म्हणजे यस्टरडे, लास्ट वीक, अगो यांचा रकाना शाबूत! अर्धा तक्ता तुम्हीच मान्य केलात.

माई: 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' अख्ख्या देशाला कळतं. मग कशाला एवढा कीस?

न्यूजर्सीकर: माई, कळतं हो. पण परदेशी जाण्यासाठी देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला आणि बोलण्याला प्रत्येकी 4 निकष, त्यातला एक व्याकरणाचा. तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' आणि 'फॉर'च हवं. 'सिन्स' लावायचं तर पुढे 2015 सारखं साल द्या.

माई: परदेशी जाणाऱ्यांनी घोकावं की. बाकीच्यांना का वेठीला धरता?

शेवटचा बाक: सर, 'व्हेन ही विल कम, आय विल टेल'चं काय? टुमॉरो दिसलं की विल, हे तुमच्याच पिढीने शिकवलंय.

खडूफळा: म्हणून तर फाडा म्हणतोय! 'तो आला की सांगतो' म्हणताना न आलेल्या माणसाला आपण बिनदिक्कत 'आला' म्हणतो. त्या पोरांना 'व्हेन ही कम्स' जड जाणार नाही. गोंधळ रकान्यातल्या 'विल'ने घातलाय.

शेवटचा बाक: मग तो रकाना खोडा. तक्ता राहू द्या.