रबरी पायपुसण्याखाली व्हिनाइल पिवळं पडलं. काय करावं?

प्रश्न – ओटा_आणि_फरशी
स्वयंपाकघरात शीट व्हिनाइल, म्हणजे सलग प्लास्टिकची फरशी आहे. ओट्यापुढच्या रबरी तळाच्या पायपुसण्याखाली पिवळा चौकोन उमटलाय. साबण झाला, व्हिनेगर झालं, ब्लीच झालं, डाग तसाच. टेबलावरचं पारदर्शक व्हिनाइलही चिकट झालंय. पीव्हीसी पाइप मात्र वर्षानुवर्षं कडक राहतो. हे सगळं एकच प्लास्टिक ना?

उत्तर – शिवणपट्टी
आधी महत्त्वाचं: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

डाग निघणार नाही. रबर टिकावं म्हणून त्यात घातलेली अँटिऑक्सिडंट व्हिनाइलमध्ये मुरतात आणि तिथे पिवळी-तपकिरी होतात. घासलंत तर वरचा संरक्षक थर जाईल आणि तिथे मळ धरेल.

तेवढा तुकडा बदला. नवा तुकडा नक्षी जुळवून डागावर ठेवा, चिकटपट्टीने पक्का करा आणि पोलादी पट्टी धरून नवं-जुनं दोन्ही एकाच वेळी कापा. वेगवेगळं कापलं की फट राहतेच. जुना गोंद खरवडून नवा तुकडा चिकटवा. मग सांध्यावर कागदी चिकटपट्टी लावून ती सांध्याच्या रेषेवर चिरा आणि त्या चिरेतून सुईच्या तोंडाच्या ट्यूबने व्हिनाइल वेल्डिंगचं द्रव सोडा. पट्टीमुळे ते फरशीवर पसरत नाही. पुढे पायपुसणं सुती घ्या, रबर किंवा लेटेक्सचा तळ नको.

उत्तर – रेझिन_५७
रेझिन, म्हणजे मूळ प्लास्टिक, एकच: पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी). वजनाने साधारण ५७ टक्के क्लोरीन, तो मिठापासून येतो. फरक प्लास्टिसायझरचा, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्याचा. पाण्याच्या कडक पाइपात तो जवळपास नसतो, मऊ शीटमध्ये १०० भाग रेझिनला ४०-६० भागही असतो. तो रेझिनला रासायनिकदृष्ट्या बांधलेला नसतो, म्हणून उष्णतेने किंवा तेल-तुपाच्या संपर्काने बाहेर येतो. तुमच्या टेबलावरचा चिकटपणा बहुधा तोच.

कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण लावून पुसा, कोरडं करा. थिनर, अ‍ॅसिटोन नकोच. दोन-तीनदा धुऊनही चिकटपणा परतला तर शीट बदला. पॉलिश केलेल्या लाकडावर ती थेट अंथरू नका, पॉलिश मऊ पडून शीट तिथेच चिकटते. मधे सुती कापड घाला.

ओटा_आणि_फरशी
वायरचं आवरणही पीव्हीसीचंच ना? थर्मोकोलला टेकलेली चालते?

रेझिन_५७
नाही. प्लास्टिसायझर थर्मोकोलमध्ये उतरतो. थर्मोकोल वितळल्यासारखा खचतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. वायर कंड्युटमधून, म्हणजे वायरीसाठीच्या नळीतून न्या.