जबड्यात 'कट्' आवाज येतो, म्हणून ब्रेसेस लावायच्या का?

निशाचर:
तोंड मोठं उघडलं की उजव्या कानाच्या पुढे 'कट्' होतं. सकाळी उठल्यावर कानशिलं ठणकतात, गाल आवळून बांधल्यासारखे वाटतात. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत आहे. माझे वरचे दात लहानपणापासून थोडे पुढे आहेत. दंतवैद्य म्हणाले, चावा बरोबर बसत नाही म्हणून सांधा बिघडला, दोन वर्षं ब्रेसेस लावा. वय ३२. खरंच या दोन्हींचा संबंध असतो का?

वाकडे दात:
माझा खालचा जबडा पुढे आहे, समोरचे दात उलटे बसतात. पन्नाशी ओलांडली, पण जबडा एकदाही दुखला नाही. घरच्यांच्या मते तो फार चालतो.

दाढदुखे:
मी दातांचा डॉक्टर आहे. वरच्या प्रतिसादात निम्मं उत्तर आलंच आहे.

चावा म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात ते. त्याचे वर्ग अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पाडले, आजही आम्ही तेच वापरतो. तुमचा बहुधा दुसरा वर्ग (वरचे दात पुढे), वर लिहिणाऱ्यांचा तिसरा (खालचे पुढे). सांध्याचा विकार मात्र कानापुढच्या बिजागरीत, तिच्यातल्या चकतीत किंवा चावण्याच्या स्नायूंत असतो. चकती पुढे सरकलेली असली तर तोंड उघडताना ती जागेवर येते, तेव्हा 'कट्' होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड अडकत नसेल, तर मी काहीही करत नाही. असे आवाज कित्येकांना येतात.

चाव्यावर खापर फोडायची सवय जुनी आहे. १९३४ मध्ये कॉस्टेन नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानदुखी आणि जबड्याच्या दुखण्याचं मूळ दाढा पडून खाली बसलेल्या चाव्यात शोधलं. त्यांची शरीररचनेची मांडणी पुढे टिकली नाही, पण समजूत टिकली. आज ब्रेसेसमुळे हा विकार होतो असंही दिसत नाही आणि त्याने तो बरा होतो असंही नाही. दात पुढे आहेत म्हणून ब्रेसेस हव्या असतील तर जरूर लावा, पण दुखणं थांबेल या आशेवर नको.

तुमची सकाळची कानशिलं मला स्नायूंकडे बोट दाखवताना दिसतात. झोपेत दात खाता का, हे घरात कोणाला तरी विचारा. दिवसाही लक्ष ठेवा: जेवताना-गिळताना सोडून दात एकमेकांना टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे. काही आठवडे मऊ खा, गरम शेक द्या, च्युइंगगम बंद. गरज पडली तर रात्रीसाठी स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचं, काढता-घालता येणारं आवरण. हे सगळं उद्या थांबवता येतं. चावा बसवण्यासाठी घासलेला दात परत उगवत नाही, म्हणून त्या वाटेला आधी जाऊ नका.

निशाचर:
नवरा म्हणतो, रात्री कडकडा आवाज येतो. मला वाटायचं त्याला स्वप्नं पडतात. पण सांध्यामुळे चावा बदलू शकतो का? हल्ली उजव्या दाढा आधी टेकल्यासारख्या वाटतात.

दाढदुखे:
हो, उलटा प्रवास होतो. स्नायू आखडला, सांध्यात सूज आली किंवा हाडाचं टोक झिजलं, तर आजवर नीट बसणारे दात एकाएकी वेगळे टेकतात. अशा वेळी दाढ घासून घेऊ नका. सूज उतरली की पुष्कळदा चावा परत जागेवर येतो, आणि घासलेली दाढ मात्र आखूड राहते. हे नवीन आहे असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आरशासमोर तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, आत जातात का ते बघा. साधारण ४० मिमी. आवाज अचानक बंद होऊन बोटं जाईनाशी झाली, तर चकती अडकली असेल, लगेच दाखवा. एक्स-रेत हाड दिसतं, चकती पाहायला एमआरआय लागतो, पण तो सगळ्यांना लागत नाही.

वाकडे दात:
तीन गेली. चौथं अडकलं.