अनवाणी धावणं की जाड तळव्याचे बूट?

माणदेशी:
शाळेत असताना मातीच्या रस्त्यावर आम्ही सगळे अनवाणीच धावायचो. पुण्यात नोकरीला आलो, जाड तळव्याचे बूट घेतले आणि वर्षभरात गुडघा धरला. आता सहा महिने पुन्हा अनवाणी धावतोय, गुडघ्याची तक्रार नाही. बुटात टाच आधी आपटते. अनवाणी धावताना बहुतेक वेळा पावलाचा पुढचा भाग आधी टेकतो, धक्का पोटरी झेलते. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली हे मोजून दाखवलं. इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला तर १९६० साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत. मग फोमवर हजारो रुपये कशाला घालवायचे?

सायली_फिजिओ:
भार नाहीसा होत नाही हो, गुडघ्यावरून पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर (अकिलीस टेंडनवर) जातो. लिबरमन यांच्या मोजणीत केनियातले लहानपणापासून अनवाणी धावणारे होते. तुमचंही तसंच. माझ्याकडे येणारे तिशीपर्यंत घरातसुद्धा स्लिपर घालून वावरलेले असतात. व्हिडिओ बघून पहिल्याच रविवारी १० किमी अनवाणी धावतात आणि पावलाच्या हाडाला बारीक चीर पाडून घेतात. आणि बिकिला १९६४ साली टोकियोत बूट घालून धावला, तीन मिनिटं लवकर पोचला. तेही सांगा ना.

परळकर:
मुंबईत जुलैमध्ये अनवाणी? साचलेल्या पाण्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) जंतूंना पायावरची एवढीशी जखम पुरते. माझ्या वडिलांना मधुमेह आहे, तळव्यांची संवेदना गेलीय. देवळाच्या आवारात काच रुतली, ती घरी फरशीवर रक्त दिसलं तेव्हा कळली. 'अनवाणी चाला, तब्येत सुधारेल' असं त्यांना सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

माणदेशी:
परळकर, वडिलांना बूटच हवेत, त्यात वादच नाही. पण सायलीताई, सवय नाही म्हणून ती कधी लावायचीच नाही का? माझ्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेच्या मैदानावरसुद्धा बूट सक्तीचे. तिची पोटरी तयार होणार कधी?

सायली_फिजिओ:
तिला गवतावर, मातीत खुशाल पळू द्या. शाळेशी याबद्दल जरूर बोला, मी तुमच्या बाजूने आहे. मोठ्यांनी आधी काही आठवडे नुसतं चालावं, मग गवतावर पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकली तर वाढवू नका. डांबरावर लांब पल्ला असेल तर मात्र मी बूटच सांगणार.

माणदेशी:
डांबराचं मला अजून पटलेलं नाही, मी धावतोच आहे. शाळेत सोमवारी जातो.